टोपली, टॅग आणि अ‍ॅडव्हान्स: नैरोबीहून एक लांबलचक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की नैरोबीला भावाकडे आला होतात, मसाई मार्केटमधून सात-आठ सिसलच्या टोपल्या नेल्यात, पुण्यात मैत्रिणींनी त्या हातोहात उचलल्या, आणि आता दिवाळीसाठी २०० मागवून "आफ्रिकन महिलांनी विणलेल्या, फेअर ट्रेड" असा टॅग लावून विकायचा विचार आहे. तर पैसा खरंच त्या बायकांपर्यंत जातो का, आणि फेअर, म्हणजे रास्त, भाव म्हणजे किती? मी इथे २००९ पासून आहे, त्यातली दहाएक वर्षं मचाकोसच्या पुढच्या एका गावातल्या बायकांच्या गटाकडून टोपल्या घेते. धंदा छोटाच, पण करायच्या त्या सगळ्या चुका करून झाल्यात, त्यामुळे जरा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी एक बारीकशी दुरुस्ती, तुमची टोपली मसाई नाही. मसाई बायकांचं काम मण्यांचं. टोपली ती कियोंडो, इथल्या कांबा आणि किकुयू जमातींच्या बायकांची, कांबा लोक तिला क्योंडो म्हणतात. मसाई मार्केट हा फिरता बाजार आहे, आज इथे उद्या तिथे, आणि तिथे बसलेले बहुतेक व्यापारी असतात, विणणारी बाई तिथे सहसा नसते. ती असते मचाकोस, माकुएनी, कितुई अशा कोरडवाहू भागात, कोंबड्या-शेळ्या सांभाळत. आणि हो, "हाताने बनवलेलं" म्हणजे "बाईने बनवलेलं" असं धरून चालू नका. त्याच बाजारातली लाकडी जिराफं बहुतेक कांबा पुरुष कोरतात. पश्चिम केनियात किसीकडच्या तबाका गावच्या मऊ दगडाच्या वाट्या-बशासुद्धा पुरुष कोरतात, आणि बायकांच्या वाट्याला येतं ते पाण्यात भिजवून घासणं, पॉलिश करणं, म्हणजे धूळ आणि पाठदुखी जास्त, दाम कमी. तेव्हा सरसकट सगळ्या मालावर महिलांचा टॅग लावला तर ते खोटंच.

आता टोपली. सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचा भाऊबंद. मूळचं मेक्सिकोचं, १८९३ मध्ये जर्मनांनी टांगानिकात (आजच्या टांझानियात) आणलं आणि मग सगळीकडे पसरलं. त्याआधी गोरखचिंचेच्या सालीचे नाहीतर रानातल्या झुडपांचे धागे वापरायचे. पानाचा गर खरवडून धागे काढायचे, वाळवायचे, रंगवायचे, मग मांडीवर तळहाताने वळून वळून दोरा करायचा. जुन्या बायकांच्या मांडीला त्या जागी अक्षरशः घट्टा पडलेला असतो. मग तळापासून विणत वर यायचं. हे सगळं चूल, पाणी, शेत, पोरं सांभाळून चालतं, बसमध्ये, बैठकीत, मयताला गेल्यावरसुद्धा हातात टोपली असते. म्हणून "एका टोपलीला किती वेळ लागतो?" असं विचारलंत की बाई सांगते दोन-तीन आठवडे, आणि आपण म्हणतो बरं, दोन आठवडे म्हणजे काय फार नाही. दोरा वळायचा वेळ कुणी मोजतच नाही. ती स्वतःपण मोजत नाही!

माझ्या मते भावाची सुरुवात इथून करायची. एका बाईजवळ बसा किंवा गटाच्या सेक्रेटरीला सांगा की एका टोपलीचे दोऱ्यासकट तास लिहून ठेव. मग त्या भागात शेतावरच्या रोजंदारीला दिवसाला काय मिळतं ते विचारा, आणि बघा तुमचा भाव तासामागे त्याच्या वर जातो की खाली. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी गप्पच बसले, कारण मला वाटत होतं मी भरपूर देतेय. आणि कातडी पट्टा वेगळा धरा. गावातून नुसती टोपली येते, पट्टे-बकल बहुतेक वेळा नैरोबीत कारागीर लावतात, तेही बरेचसे पुरुष, आणि भाव एकदम चढतो तो तिथे. बिनापट्ट्याची, सिसलच्याच कड्यांची टोपली घेतलीत तर किमतीतला मोठा हिस्सा गावातच राहतो. पुण्यात तशी विकेल का ते तुम्ही बघा, माझ्या अनुभवात विकते, कुंडी ठेवायला आणि कांदे-बटाट्याला.

पण खरं सांगू का, भाव ही अर्धीच गोष्ट. मला जे कळायला पाच-सहा वर्षं लागली ते हे, की माल नापसंत झाला, उशीर झाला, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर भुर्दंड कोणावर, ते बघायचं. भाव चांगला देऊन सगळी जोखीम बाईच्या डोक्यावर ठेवणारे लोक खूप आहेत, आणि त्यात एकेकाळी मी होते.

माझी पहिली मोठी ऑर्डर ६० टोपल्यांची. मी सांगितलं "मध्यम साइज". आता मध्यम म्हणजे काय, हे मला एक वाटत होतं आणि २२ बायकांना २२ तऱ्हेचं. माल आला, मुंबईच्या एका दुकानाने त्यातल्या १४ परत केल्या, आणि मी सरळ गटाच्या पैशातून १४ चे पैसे कापले, व्यवहार म्हणजे व्यवहार असं म्हणून. कोणी काही बोललं नाही. तीन महिन्यांनी गेले तर दोघीजणी गटात नव्हत्या. विणीत घालायची रंगीत लोकर त्यांनी पोराच्या फीच्या पैशातून घेतली होती, ती बुडाली, आणि त्या परत गावच्या दलालाकडे गेल्या. दलाल म्हटलं की आपल्याला लगेच मार्केट यार्डातला अडत्या आठवतो, पण तो दलाल भाव पाडून का होईना टोपली दारात बघून घ्यायचा आणि नोटा हातावर ठेवायचा. त्या दोघींसाठी तो माझ्यापेक्षा बरा होता, यात मला आता काहीच शंका नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, गाठी मारलेली सुतळी. तळ पहिल्या गाठीपर्यंत, उंची दुसरीपर्यंत, प्रत्येकीला एकेक तुकडा दिला. साइजची भांडणं जवळजवळ संपली, खर्च शून्य. दुसरी, निम्मे पैसे आगाऊ. ही काही माझी अक्कल नाही, वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या जागतिक संघटनेची १० तत्त्वं आहेत त्यातच लिहिलंय की हस्तकलेच्या मालाला मागणी केली तर किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. तुम्हाला कोणी फेअर ट्रेड म्हणून माल विकत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, अ‍ॅडव्हान्स किती देता आणि कोणाच्या हातात. उत्तर फिरवाफिरवीचं आलं की समजायचं.

टॅगबद्दलही सांगते, कारण इथे बराच गोंधळ होतो. चहा-कॉफीच्या पाकिटावर दिसतो तो फेअरट्रेडचा निळा-हिरवा शिक्का मुख्यतः शेतमालासाठी आहे, टोपलीवर तो नसतो. हस्तकलेत वर्ल्ड फेअर ट्रेडवाले एकेका वस्तूला नव्हे तर अख्ख्या संस्थेला तपासतात. तुम्ही स्वतः सभासद नसाल आणि तुमचा पुरवठादारही नसेल तर "फेअर ट्रेड" हा शब्द छापू नका, सरळ लिहा की माकुएनीच्या अमुक गटाकडून घेतलं, एवढे पैसे दिले. आणि बाईचा फोटो छापणार असाल तर तिला विचारून. मी एका ठिकाणी "मला अमुकने विणलं" अशी कार्डं पाहिलीत, गठ्ठ्याने छापलेली, हाताला येईल ते कार्ड हाताला येईल त्या टोपलीत!

तुम्हाला दागिन्यांतही रस असेल तर काझुरीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. नैरोबीच्या कारेन भागात १९७५ मध्ये लेडी सुझन वूड यांनी दोन एकट्या आयांना घेऊन मातीचे मणी करायला सुरुवात केली, पुढे तिथे शेकडो बायका कामाला लागल्या. काझुरी म्हणजे स्वाहिलीत छोटंसं-सुंदर. तिथे कारखाना आहे, बायका कामावर येतात, पगार घेतात, मणी फुटला तर नुकसान कंपनीचं. टोपलीत तसं नाही, घरी बसून नगावर काम, म्हणजे आपल्या विडी वळणाऱ्या बायकांसारखं. घरी बसून करता येतं हीच सोय आणि हीच अडचण. आणि एकाच बड्या गिऱ्हाइकाच्या जिवावर राहणंही बरं नाही. रवांडात नरसंहारानंतर गहाया लिंक्स या तिथल्या कंपनीने विधवा बायकांच्या टोपल्या २००५ पासून अमेरिकेत मेसीज या बड्या साखळीच्या दुकानांत नेल्या, मोठं काम झालं ते, वादच नाही. पण दुकानदाराची फॅशन बदलली की गाव काय करणार, हा प्रश्न मला नेहमी पडतो. इथे केनियात उलट झालं, २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि टोपलीला घरचंच गिऱ्हाईक वाढलं, नैरोबीतल्या पोरी आता कियोंडो घेऊन ऑफिसला जातात. मला तो पैसा जास्त भरवशाचा वाटतो, माझ्या ऑर्डरपेक्षा पण.

पैसे कसे द्यायचे? एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून आहे, गावातल्या टपरीवरसुद्धा चालतं. पण नंबर बाईचाच आहे ना ते बघा, आमच्या यादीत सुरुवातीला नऊ नंबर नवऱ्यांचे निघाले. आणि इथे एक म्हणायची पद्धत आहे, "तुमा ना या कुतोआ", म्हणजे काढायच्या चार्जसकट पाठव. तो चार्ज वर घालून पाठवला नाही तर तुमच्या भावातून तेवढे कमीच झाले की. गटात भिशी असतेच, इथे तिला चामा नाहीतर मेरी-गो-राउंड म्हणतात, अगदी आपल्यासारखीच, दर महिन्याला एकीचा नंबर. कांबांमध्ये म्वेथ्या म्हणून त्याहून जुनी गोष्ट आहे, सगळ्यांनी मिळून एकीच्या शेताला ताली घालायच्या, म्हणजे आपली इर्जिक. गट म्हणजे काही एनजीओने येऊन शिकवलेलं नाही हो, तो आधीपासून आहे, आपण फक्त ऑर्डर घेऊन जातो. म्हणूनच मला ते "सक्षमीकरण" टॅगवर बघून थोडं हसू येतं. आमच्या गटातल्या मामांनी (मामा म्हणजे इथे आई, मोठी बाई, आपला मामा नव्हे) टोपलीच्या पैशातून आधी मबाती घेतली, म्हणजे पत्रे, मग पत्र्यावरून पाणी पडेल अशी टाकी, म्हणजे पाण्याची पायपीट कमी, म्हणजे विणायला वेळ. हा क्रम मला कोणी सांगितला असता तर मी टाकीला अ‍ॅडव्हान्स दिला असता, पण कोणी विचारलंच नव्हतं त्यांना, मी पण नाही.

वेळेचं गणित नीट बसवा. त्या भागात भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, तेव्हा बाया शेतात असतात, मका, चवळी, तूर. दिवाळीचा माल हवा तर ऑर्डर मे महिन्यात पक्की करा, जून ते ऑगस्ट विणणं, सप्टेंबरच्या सुरुवातीला जहाजावर. सप्टेंबरात "ताई, अजून ५० पाठवा ना" असं म्हणू नका. तसं केलंत की रात्री कंदिलाखाली विणतात नाहीतर शेजारच्या गावातून कशाही विणलेल्या आणून भरतात. आणि शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचा थोडा अ‍ॅडव्हान्स डिसेंबरात दिलात तर त्या पैशाची किंमत मेमधल्या पैशाच्या दुप्पट समजा.

आता २०० चं. पहिल्या वर्षी नको. ६० मागवा, पण पुढच्या वर्षीही मागवणार असाल तरच. इकडचे गट एकदाच येऊन फोटो काढून गेलेल्या लोकांना फार कंटाळलेत. तुमच्या बाजूने आयातीचा आयईसी कोड (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) काढावा लागेल, आणि टोपली म्हणून माल जातो की हँडबॅग म्हणून, त्यावर ड्यूटी बदलू शकते, वर वनस्पतीचा माल म्हणून कागदपत्रं लागतील का तेही क्लिअरिंग एजंटला ऑर्डर देण्याच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि उरलेला माल पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवू नका. माझ्या बहिणीने दादरला २० टोपल्या माळ्यावर ठेवल्या होत्या, गणपतीत खाली काढल्या तर बुरशीने पांढऱ्या. हवेशीर टांगून ठेवा, ओल्या झाल्या तर सावलीत वाळवा.

मापं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, तळ आणि उंची दोन्ही, आणि कडी हवी की पट्टा तेही. पुढच्या शनिवारी मी गावाकडे जाणार आहे, सुतळी घेऊनच जाईन, त्यांना जमतंय का विचारते. नाही म्हणाल्या तर नाही, त्यांच्याकडे आधीच दोन ऑर्डरी आहेत.