घरीच बायबल वाचतो, प्रार्थना करतो. मग मंडळीत, म्हणजे चर्चला, जायची गरज काय?

तुम्ही लिहिलंय की विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट मंडळीत चार तोंडी झाली आणि तेव्हापासून तुम्ही जाणं सोडलं. आता वाचन-प्रार्थना घरी, आणि रविवारी मोबाइलवर उपदेश. तुमच्या बाबतीत झालं ते चूकच होतं. ‘माणसं म्हटली की चालायचंच’ असं मी म्हणणार नाही.

पण मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, हे येशूचा प्रेषित पौल याने कोणाला लिहिलं ते पाहा. करिंथकरांना, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला, इ.स. 55 च्या सुमारास पाठवलेल्या पत्रात. तिथे तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जमले की काही जण आधीच खाऊनपिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. अशा मंडळीला तो सांगतो की तुम्ही शरीर आहात. ‘सुधारलात तर व्हाल’ असं नाही. त्याच अध्यायात पाय म्हणतो, मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही. पौलाचं म्हणणं असं की पायाने काहीही म्हटलं तरी तो शरीरातून सुटत नाही. माझ्या मते हे तुम्हालाही लागू आहे. तुम्ही घरी बसलात तरी तिथे तुमची जागा दुखतेच आहे.

आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ किती सरळ आहे! मंडळी म्हणजे माणसं. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजेही जमलेली सभा. सुरुवातीला ते लोक बहुतेक घरांतूनच जमत, तरी 251 च्या सुमारास रोमची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळत होती. म्हणजे कोणाच्या घरी काय कमी आहे, हे कोणाला तरी ठाऊक होतं. ही माहिती सांभाळून ठेवणं तुमच्या मंडळीला जमलं नाही, हेच तर तुमचं दुःख आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या वाटपात दुजाभाव झाला होता. तिथे कुरकुर उघडपणे ऐकून घेतली गेली आणि त्या कामासाठी सात माणसं निवडली. तुमचीही तक्रार पाळकांपर्यंत पोहोचायला हवी.

आता माझं सांगतो. वडील गेल्यावर कित्येक महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. घरी बायबल उघडायचो आणि तसंच मिटायचो. मंडळीत मात्र शेजारचे लोक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचे आणि मी नुसता उभा राहायचो. त्या प्रार्थनेत ‘माझं’ कुठेच नाही. आमचा पिता, आमची भाकर, आमचे अपराध. माझ्या वाटची प्रार्थना ते करत होते, हे मला तिथे उभं राहूनच कळलं. मोबाइलवर उपदेश ऐकू आला असता. पण मी गप्प आहे, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं असतं?

जुन्याच मंडळीत लगेच परत जा, असा माझा आग्रह नाही. घरी भरणाऱ्या एखाद्या छोट्या प्रार्थनासभेला जाऊन बसा; तिथे सात-आठच जण असतात. पहिले काही दिवस स्वतःबद्दल काही सांगितलं नाहीत तरी चालेल.