नाल शाबूत आहे, मग काढायचा कशाला? आणि खुरांचे बाकी प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की घोड्याच्या खुरांबद्दल जे विचारायचंय ते बिनधास्त विचारा, तर पत्रांचा ढीगच आला. सगळी इथे मावणार नाहीत, जे प्रश्न फिरून फिरून आले तेच घेतलेत. एक आधीच सांगून टाकतो, मी नालबंद आहे, पशुवैद्य नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरचं काम असेल तिथे मी डॉक्टरकडेच पाठवणार, रागवू नका.

काका, आमच्या घोडीचे नाल ७ आठवडे झाले तरी एकदम घट्ट आहेत, झिजलेही नाहीत. तरी नालबंद म्हणतो आता काढायलाच पाहिजेत. उगाच काम काढतोय का तो?

नाही हो, बिचाऱ्याचं बरोबर आहे. सगळे नालाकडे बघतात, बघायचं असतं खुराकडे. खुराची भिंत, म्हणजे बाहेरून दिसतो तो कडक भाग, आपल्या नखासारखी वाढतच असते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. घोडा अनवाणी असला तर चालून चालून ती थोडीफार झिजते, पण नाल ठोकला की झीज बंद आणि वाढ मात्र चालूच, म्हणजे ७ आठवड्यांत सेंटीमीटरभर, कधी त्याहून जास्त खूर नालाच्या वर वाढून बसलेला असतो. बरं, खूर तिरका असतो त्यामुळे ही वाढ नुसती खाली न जाता पुढेही जाते, पुढचं टोक लांब होतं आणि नालही त्याच्याबरोबर पुढे सरकतो. मग ज्या टाचेला आधार पाहिजे तिच्याखालीच नाल पुरत नाही, टाच दबत जाते. तुम्ही दोन नंबर मोठा बूट घालून पळून बघा, पाऊल उचलताना काय होतं ते कळेल. हा सगळा ताण पायामागच्या टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, आणि खुराच्या आत मागच्या बाजूला जे छोटं नॅव्हिक्युलर हाड असतं त्याच्यावर जातो.

घरच्या घरी बघायचं असेल तर घोडीला सपाट जागी उभी करा आणि बाजूने, जरा खाली बसून बघा. खुराच्या वर जो तिरका भाग असतो, पेस्टर्न म्हणतात त्याला, त्याची पुढची रेघ आणि खुराची पुढची रेघ एका ओळीत दिसली पाहिजे. मध्येच मोडून खूर पसरट पडलेला दिसला की समजा उशीर झालाय. म्हणून ६ ते ८ आठवडे म्हणतात, काही घोड्यांना त्याहून लवकरही लागतं. आणि नाल चांगला असेल तर खूर छाटून तोच परत बसवता येतो की, नवा घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे? अनवाणी घोड्याचंही असंच, नाल नाही म्हणून नालबंद नको असं करू नका, मऊ जमिनीवर राहणाऱ्या अनवाणी घोड्याचे खूर तर फारसे झिजतच नाहीत. मी आमच्या गिऱ्हाइकांना पुढची तारीख जातानाच कॅलेंडरवर लिहायला लावतो, कारण 'बघू, वाटलं की बोलावू' म्हणणाऱ्यांना ३ महिने काही वाटतच नाही.

खिळे ठोकताना दुखत नाही का? आणि तापलेला नाल खुरावर टेकवतात तेव्हा एवढा धूर निघतो, बघवत नाही.

भिंतीच्या बाहेरच्या भागात संवेदना नसते, नख कापल्यासारखंच ते. खुराच्या तळाला भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते, व्हाइट लाइन. खिळा त्या रेघेच्या बाहेरच राहिला पाहिजे, एवढं एक पाळलं तर घोडा डुलक्या घेत उभा राहतो. नालाचा खिळा साधा नसतो, त्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, त्यामुळे ठोकला की तो आत न जाता बाहेर वळतो आणि भिंतीतून वर निघतो, मग टोक तोडून ते वळवून टाकायचं. उलटा धरला तर मात्र थेट आत जाईल! ठोकताना नालबंद हाताइतकंच कानानेही काम करतो, कडक शिंगात (भिंत ज्याची बनलेली असते त्या नखासारख्या पदार्थाला आम्ही शिंग म्हणतो) जाणाऱ्या खिळ्याचा आवाज वेगळा आणि मऊ भागाकडे चाललेल्याचा वेगळा, शिकायला वर्षं जातात.

तापल्या नालाचं म्हणाल तर तो काही सेकंदच टेकवतात, कुठे नीट बसतोय आणि कुठे नाही ते जळलेल्या खुणेवरून कळतं. धूर शिंग जळल्याचा, वास वाईट येतो पण घोड्याला चटका बसत नाही. अर्थात जास्त वेळ दाबून धरला आणि तळवा पातळ असला तर बसेल, हात माहीतगार हवा.

नाल मारल्यावर त्याच दिवशी किंवा पुढच्या ४-५ दिवसांत घोडा लंगडायला लागला तर 'सवय होईल' म्हणून बसू नका. एखादा खिळा आत लागला असेल किंवा नुसता जवळून जाऊन दाबत असेल. नालबंदाला लगेच फोन करा, आणि चांगला नालबंद यावर चिडत नाही, येतो आणि खिळा काढतो. माझ्याकडूनही झालंय हे, नाही कशाला म्हणू.

खूर साफ करताना घाण वास येतो, मधल्या मऊ भागातून काळं काहीतरी निघतं. एकाने पेट्रोल ओतायला सांगितलंय.

त्या एकाला माझ्याकडे पाठवा. पेट्रोल, ॲसिड, असलं काही जिवंत मांसावर ओतायचं नाही.

तुम्ही म्हणताय तो भाग म्हणजे फ्रॉग, तळव्यावरचा त्रिकोणी रबरासारखा तुकडा, आणि हा थ्रश दिसतोय. याचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात, म्हणजे फ्रॉगच्या बाजूच्या चरांत आणि मधल्या फटीत, जिथे शेण आणि मूत भरून बसतं. त्यामुळे औषधाच्या आधी पागा बघा. खाली अंथरलेलं ओलं आहे का, सकाळी आत शिरल्यावर डोळ्याला झोंबतं का? झोंबत असेल तर बाटल्यांवर बाटल्या ओतल्या तरी थ्रश परत येणार.

नालबंदाकडून सडलेला, लोंबणारा भाग काढून घ्या म्हणजे चर उघडे पडतील आणि हवा लागेल. मग रोज हुकाने साफ करायचं, टाचेकडून टोकाकडे, म्हणजे हूक चुकून फ्रॉगच्या मागच्या मऊ भागात घुसत नाही. ब्रशने घासा, कोरडं करा, आणि पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन कापसाला लावून तो कापूस चरात नीट बसवा. मोरचूदही वापरतात, काम करतो, पण मांस उघडं पडलेलं असेल तिथे तो झोंबतो, जपून. फ्रॉगच्या मधली फट टाचेच्या वरपर्यंत खोल गेली असेल आणि बोट लावल्यावर घोडा पाय ओढत असेल किंवा फ्रॉगवर फुलकोबीसारखं काही वाढत असेल तर मात्र डॉक्टर, तो नुसता थ्रश नसू शकतो.

आणि घोड्याला चालवा हो! जुनं कोडं आहे ना, पान का सडलं, घोडा का अडला, उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. खुराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. वजन पडलं की टाच किंचित पसरते, उचललं की आवळते, याने आतलं रक्त वर ढकललं जातं. म्हणून तर नालाचे खिळे खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे शक्यतो मारत नाहीत, टाचेला हलायला जागा ठेवतात. दिवसभर बांधलेल्या घोड्याचा हा पंप बंदच पडतो.

भेगा पडल्यात. कुठलं तेल लावू? आणि बायोटिन हे जीवनसत्त्व दोन महिने देतोय, काहीच फरक नाही.

तेलाने खूर चमकतो, बास. सारखं भिजणं आणि कडक वाळणं याने भेगा पडतात, किंवा छाटणी लांबल्याने भिंत बाहेर फाकते आणि फुटते. दुसरं कारण असेल तर कानस हवी, तेल नको. भेग वर केसांच्या कडेपर्यंत गेली असेल किंवा चालताना उघडझाप करत असेल तर ती नालबंदाला दाखवा.

बायोटिनची गंमत अशी की ते झालेल्या खुराला काही करत नाही, फक्त नवीन जो वरच्या केसांच्या कडेपासून उतरतो त्यालाच त्याचा फायदा. आणि वरपासून खाली टोकापर्यंत यायला ९ ते १२ महिने जातात. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण २० मिलिग्रॅम देतात, ते ६-९ महिने न चुकता द्या आणि मग बोला. सोबत जस्त आणि तांबं खाण्यातून नीट मिळतंय का तेही डॉक्टरला विचारा, नुसत्या बायोटिनवर सगळं सुधारेल असं नाही. खुरावरच्या आडव्या कड्या कधी निरखून बघा, मागच्या वर्षात कधी आजारी पडला, कधी खाणं बदललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण कड्या टाचेकडे रुंद आणि पुढे चिकटून असतील तर खाली लिहिलेला लॅमिनायटिस होऊन गेलेला असू शकतो.

रात्री दोर सोडवून घोड्याने धान्याचं पोतं फस्त केलं. सकाळी तर ठणठणीत आहे. खुराला काही होतं का?

हे पत्र येऊन बरेच दिवस झाले, तेव्हाच उत्तर कळवलंय, पण सगळ्यांसाठी लिहितो कारण यात वेळ फार महत्त्वाची.

हो, होतं, आणि ठणठणीत दिसतोय तोपर्यंतच हातपाय हलवायचे असतात. घोडा तळव्यावर उभा असतो असं आपल्याला वाटतं, खरं तर खुराच्या आतलं हाड भिंतीला आतून टांगलेलं असतं, पानांसारखे बारीक पदर एकमेकांत गुंतवून. त्या पदरांना सूज आली की लॅमिनायटिस. पदर सुटले की वजनाने हाड फिरतं किंवा खाली बसतं, वाईट केसमध्ये तळव्यातून बाहेर येतं. पोटभर धान्य खाल्ल्यावर हे लगेच दिसत नाही, दिवस-दोन दिवसांनी दिसतं, आणि लंगडायला लागला म्हणजे आत नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून ताबडतोब डॉक्टर, उरलेलं धान्य बंद, आणि डॉक्टर येईपर्यंत खुरापासून गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात पाय, तासभर नाही, डॉक्टर सांगतील तसं सलग २-३ दिवससुद्धा. खाली भरपूर मऊ अंथरा, फिरवू नका. वरचं कोडं इथे लागू नाही!

पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभा राहतो, वळताना कण्हतो, खूर गरम लागतात, ही लक्षणं. फेटलॉकच्या, म्हणजे पेस्टर्नच्या वरच्या सांध्याच्या, मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघायला शिका, निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते, इथे ठणठण उडते. आजच, घोडा बरा असताना शोधून ठेवा. एकाच पायात अशी नाडी आणि पाय टेकवतच नसेल तर बहुतेक आत पू झालाय, तो वाट करून दिली की दुसऱ्या दिवशी चालायला लागतो, पण वाट करायची ती डॉक्टरने किंवा नालबंदाने, स्वयंपाकघरातल्या सुरीने नाही.

तळव्यात खिळा घुसलाय. आधी उपटू का आधी फोन करू?

फोन. खिळा जागेवर असताना एक्स-रे निघाला तर तो कुठपर्यंत आणि कुठल्या दिशेने गेलाय ते दिसतं, उपटल्यावर भोक बंद होतं आणि मग शोधत बसा. फ्रॉगच्या मधोमध घुसला असेल तर मागे सांध्याजवळची पिशवी आहे, तिथे जंतू गेले तर घोडा जातो, साधं लंगडणं समजू नका. दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे टेप लावून बांधा म्हणजे खिळा अजून आत जाणार नाही. तेही जमत नसेल आणि घोडा पाय आपटतोय तर काढा, पण आधी फोटो काढा, खिळा फेकू नका आणि भोकाभोवती पेनने गोल करा. धनुर्वाताची लस कधी दिली होती ते डॉक्टर पहिल्यांदा विचारणार, घोड्याला तो फार पटकन होतो, तर कार्ड हाताशी ठेवा.