दहा मिनिटांचे दोन तास

प्रश्न : माझा धाकटा भाऊ प्रत्येक गोष्ट फुगवून सांगतो. दहा मिनिटं थांबला तरी 'दोन तास ताटकळलो'! नातेवाईक आता त्याला सरळ खोटारडा म्हणतात. मला ते सहन होत नाही.

उत्तर : तुमची तगमग कळते, माझे वडील असेच होते. खोटारडा फसवण्यासाठी बोलतो, हे लोक आपल्याकडे लक्ष जावं म्हणून. शिवाय पुन्हापुन्हा सांगताना माणसाची स्वतःची आठवणही बदलत जाते. पण वडिलांच्या छातीत खरंच दुखलं, तेव्हा आम्ही तासभर कानाडोळा केला. ते वाचले, तो तास मला अजून टोचतो. भावाला चारचौघांत टोकू नका. एकटा असताना विचारा, "नक्की किती वेळ थांबलास रे?" खरा आकडा सांगितला, की तोही तितकंच मन लावून ऐका.