‘ड्यून’मधील सम्राट बलाढ्य असूनही सरदार घराण्यांना का घाबरतो?

कारण त्याची सत्ता तोलावर टिकलेली आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत सम्राटाच्या पदरी सार्दौकार ही कडवी फौज आहे. तिच्यापुढे कोणतेही एक घराणे टिकणार नाही, परंतु लान्सराड या सभेत एकवटलेली सगळी घराणी तिला तोडीस तोड ठरतात. म्हणूनच अट्रेडीस घराण्याचे प्रमुख ड्यूक लेटो यांचा काटा काढताना सम्राट शद्दाम चौथा आपल्या सैनिकांना लेटो यांच्या वैरी हार्कोनेन घराण्याचा गणवेश चढवतो, कारण हा घात उघडकीस आला, तर उरलेली घराणी एकजुटीने त्याच्यावर उलटतील. दोन्ही पक्षांची नाडी मात्र गिल्डच्या हाती आहे, आणि मला या रचनेतील हाच भाग सर्वांत विचारपूर्वक योजलेला वाटतो: अंतराळ प्रवासाची मक्तेदारी असलेल्या या संघाच्या जहाजांविना ना सम्राटाची फौज हलते, ना घराण्यांचा माल.