मुक्तिनाथच्या वाटेवरची गाउँपालिका

प्रश्न : पंचवटीतील आम्ही काही कुटुंबे मिळून मुक्तिनाथच्या यात्रेला गेलो होतो. कागबेनीला कालीगंडकीच्या काठी पिंडदान आटोपल्यावर ‘वारागुङ मुक्तिक्षेत्र गाउँपालिका’ अशी पाटी दिसली आणि पुढे ‘वडा कार्यालय’ वाचून मुले खूप हसली. आपल्याकडे गावाला पंचायत आणि शहराला पालिका असते. मग ही गावाची पालिका म्हणजे निफाड तालुक्यातील आमच्या गावासारखी गट ग्रामपंचायतच का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलांचे हसणे समजण्यासारखे आहे, पण तो वडा म्हणजे आपला ‘वॉर्ड’, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कार्यालयातच आहे. नेपाळमध्ये पूर्वी तीन हजारांहून अधिक गाव विकास समित्या होत्या. 2015 च्या राज्यघटनेने देश संघराज्य झाल्यावर 2017 मध्ये त्या एकत्र करण्यात आल्या आणि आज तेथे लहानमोठ्या 293 नगरपालिका व महानगरपालिका आणि 460 गाउँपालिका, अशा एकूण 753 स्थानिक संस्था आहेत. तुम्ही पाहिलेली गाउँपालिका कागबेनी, मुक्तिनाथ, झोंग आणि छुसांग या चार समित्यांच्या विलीनीकरणातून झाली. विलीन झालेल्या जुन्या समित्यांचे बहुतेक ठिकाणी वडे झाले, त्यामुळे जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी किंवा नागरिकत्वाच्या शिफारशीसाठी डोंगर ओलांडून मुख्य कार्यालय गाठण्याची वेळ सहसा येत नाही. प्रत्येक वड्यात एक निवडून आलेला अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सदस्यांपैकी दोन महिला असतात व त्यांतील एक दलित असते.

गट ग्रामपंचायतीशी मात्र तिची तुलना टिकत नाही. आपल्याकडे दोन-तीन गावांचा कारभार एकत्र असला तरी शाळेसाठी जिल्हा परिषदेकडे आणि अनेक योजनांसाठी पंचायत समितीकडेच जावे लागते. नेपाळच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने मात्र माध्यमिकपर्यंतचे शिक्षण, प्राथमिक आरोग्य आणि स्थानिक कर यांसह 22 विषय थेट स्थानिक संस्थांना दिले आहेत. माझ्या मते सर्वांत लक्षणीय तरतूद न्यायिक समितीची आहे. गाउँपालिकेच्या उपाध्यक्षांच्या नेतृत्वाखालील ही तीन सदस्यांची समिती बांधाची किंवा पाण्याची भांडणे ऐकते आणि तिला घटनेचाच आधार आहे. आपल्या तंटामुक्त गाव समितीला तसा अधिकार नाही, तिची सारी मदार समजुतीवर.

असे काही निफाड तालुक्यात होऊ शकेल का, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असावा. आपल्या राज्यघटनेच्या 243क्यू या अनुच्छेदातील नगरपंचायत ही ग्रामीणकडून शहरीकडे सरकणाऱ्या भागासाठी आहे. निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण आणि देवळा येथे ती आली, तेव्हा ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. म्हणजे पालिका हवी तर गावाने गावपण सोडावे, अशी आपली रचना आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ही गावे 1982 मध्ये नाशिक महानगरपालिकेत आली आणि पहिली महापालिका निवडणूक 1992 मध्ये झाली. मधली दहा वर्षे कारभार प्रशासकाकडे होता, हे पंचवटीतील जुन्या रहिवाशांना आठवत असेल. गाव राहूनच पालिका होण्याची सोय आपल्याकडे आणायची, तर त्यासाठी राज्यघटनेतच बदल करावा लागेल.