मागचा शिक्का

प्रश्न : काका, देवबागात आमच्या घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय आहे. आमच्या फेसबुक पेजवर मी कर्ली नदी आणि समुद्राच्या संगमाचा ड्रोनने घेतलेला फोटो टाकला. गूगलवर मिळाला होता. खाली 'साभार : इंटरनेट' असं लिहिलंही होतं. परवा फोटो काढणाऱ्याचा मेसेज आला, 'फोटो उतरवा आणि वापराचे पैसे द्या.' संगम आमच्या दारातला आणि पैसे त्याला? शिवाय गेल्या जत्रेत मी अख्खं दशावतारी नाटक मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर चढवलं, त्यावर नाटक कंपनीचे मालक नाराज आहेत. नाटक तर देवळात, सगळ्या गावासमोर फुकट झालं. माझं चुकलं कुठे?

उत्तर : दोन्हीकडे चुकलं, बाळा. तुला वाईट वाटेल, पण मालवणात 36 वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस तुला दुसरं काही सांगू शकत नाही.

संगम कोणाच्याच मालकीचा नाही. त्याचा फोटो कोणीही काढावा, तूही काढ. सिंधुदुर्ग किल्ल्याचंही तेच. पण त्या माणसाने भरती-ओहोटीची वेळ बघितली, नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी वेगळं दिसेल असा दिवस धरला, ड्रोन वर नेला आणि बटण दाबलं. त्या क्षणी त्या फोटोचा कॉपीराइट त्याचा झाला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, फोटोच्या कोपऱ्यात नाव असायला हवं असंही नाही. हा हक्क त्याच्या हयातीत राहतो आणि पुढे 60 वर्षं त्याच्या वारसांकडे.

'गुगलार गावलो, मगे तो कोणाचो?' हे मी बाजारात रोज ऐकतो. फोटो कुठल्या पानावर आहे एवढंच गूगल दाखवतं. त्या पानावर गेला असतास तर बहुधा काढणाऱ्याचं नाव सापडलं असतं आणि दोन ओळी लिहून विचारता आलं असतं. 'साभार' लिहिल्याने परवानगी मिळत नाही, ती मागावीच लागते. आणि इंटरनेट हे काही माणसाचं नाव नव्हे.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतो? 1994 च्या डिसेंबरात मी पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा एक फोटो काढला होता. दोर ओढणारे अकरा जण, मागे धुक्यात किल्ला. त्यासाठी मी चार पहाटा वाळूत उभा होतो. अकराही जणांच्या घरी जाऊन प्रिंट देऊन आलो. दोन वर्षांनी एका खानावळीत जेवायला बसलो, तर समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर तोच फोटो. नाव नाही, विचारणं नाही, आणि छापताना उलटा केलेला. किल्ला भलत्याच बाजूला गेला होता, मुकादमाचा उजवा हात डावा झाला होता. पैशांपेक्षा ती उलटी माणसं मला जास्त लागली. आपल्या कामाचं श्रेय मागण्याचा आणि आपली अब्रू जाईल अशी त्याची मोडतोड थांबवण्याचा वेगळा हक्क कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या छापखान्याला निदान पत्र तरी लिहिलं असतं.

आता तू काय करावंस? फोटो आजच उतरव. मग त्याला फोन कर, चुकलं म्हण आणि किती पैसे होतात ते विचार. त्या फोटोवर तू गिऱ्हाईक बोलावत होतास, तेव्हा त्याचं मागणं गैर नाही. रक्कम झेपत नसेल तर तसं सरळ सांग. आपल्या कामाची कदर झालेली दिसली की फोटोवाला बरंच समजून घेतो, हे मी स्वतःवरून सांगतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. तुला घाबरवायला हे लिहीत नाही, पण मेसेजकडे दुर्लक्ष करू नकोस.

यापुढे कोणाची पोस्ट आवडली तर तिथलंच शेअरचं बटण दाब, म्हणजे मूळ माणसाचं नाव बरोबर जातं. डाउनलोड करून आपल्या पेजवर नव्याने चढवणं म्हणजे प्रत काढणं. विकिमीडिया कॉमन्सवर असे फोटो मिळतात की ज्यांच्या वापराची मुभा देऊन ठेवलेली असते. त्यांच्याही खाली अटी लिहिलेल्या असतात. बहुतेकदा नाव आणि परवाना नमूद करायला सांगतात, ते करायचं.

दशावताराची गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची. पुराणातली कथा कोणाच्या मालकीची नाही, त्यातला संकासुर राक्षस कोणाच्या मालकीचा नाही. पण त्या रात्री राजा जे बोलला ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते त्याने रंगमंचावर उभ्या उभ्या रचलं. ते सादरीकरण त्याचं. नट, गायक, वादक या सगळ्यांना कायदा आपल्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क देतो, आणि ते चित्रित करून लोकांपर्यंत पोचवायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं. स्वतःच्या घरी बघण्यापुरतं रेकॉर्डिंग चालतं. बातमीत किंवा परीक्षणात छोटा तुकडा दाखवणंही चालतं. पण तू रात्रभराचं नाटक सगळ्या जगासाठी खुलं केलंस. आणि फुकट कसलं? गावाने कंपनीला मानधन दिलं ते त्या रात्रीच्या खेळाचं. तोच खेळ मोबाइलवर आयता मिळू लागला तर पुढच्या गावाची सुपारी जाईल ही धास्ती मालकांना असते. व्हिडिओ काढून घे आणि त्यांना जाऊन भेट. नटांशी बोलून ते कदाचित स्वतःच सांगतील, दहा मिनिटं ठेव, खाली कंपनीचं नाव आणि फोन नंबर घाल.

प्रश्न : मी मालगुंडजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक कविता पाठवते. चालेल का?

उत्तर : ताई, तुमच्याच गावचे केशवसुत 1905 साली गेले, त्यांच्या कविता आता खुल्या आहेत. रोज पाठवा. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, ते 30 डिसेंबर 2015 रोजी गेले. कवीच्या निधनानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजतात, म्हणजे 2075 संपेपर्यंत त्यांच्या कवितांवर वारसांचा हक्क आहे. त्यांच्या दोन ओळी घेऊन तुम्हाला त्या का आवडल्या ते लिहा आणि पुस्तकाचं नाव द्या. पूर्ण कविता मात्र पुस्तकातूनच वाचू दे.

प्रश्न : आई-बाबांच्या 1978 च्या लग्नाचे फोटो मला फेसबुकवर टाकायचे आहेत. मागे गुहागरच्या एका स्टुडिओचा शिक्का आहे, स्टुडिओ केव्हाच बंद झाला. परवानगी कोणाकडे मागू?

उत्तर : कोणाकडेही नको. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. कलम 17 तसं सांगतं. आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना हे आवडत नाही, पण ते तसंच आहे. तुमच्या आजोबांनी पैसे मोजले असतील तर हक्क वारशाने घरातच आला. खुशाल टाका. फक्त एक विनंती : एखादा फोटो उलटा करून मागचा शिक्काही स्कॅन करा आणि शेवटी लावा. स्टुडिओवाल्याची मुलं-नातवंडं कुठे तरी असतील, त्यांना तो दिसू दे.