घरातली मशिनं: ड्रायर तापतोय, कपडे मात्र दमटच

प्रश्न: सध्या मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला आलोय. इकडे बाहेर दोरी बांधायची नाही असा सोसायटीचा नियम, त्यामुळे सगळी भिस्त बेसमेंटमधल्या इलेक्ट्रिक ड्रायरवर. हल्ली तो इतका तापतो की जीन्सच्या बटणाला हात लावला तर चटका बसतो, आणि गंमत म्हणजे जाड टॉवेल तरीही दमटच निघतात. मेकॅनिक आला, थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडालाय म्हणाला, बदलून पैसे घेऊन गेला, थोड्या दिवसांत परत उडाला. मुलगा म्हणतो नवीन घेऊन टाकू. मी एमएसईबीतून रिटायर झालोय, मल्टिमीटर धरता येतो, पण सूनबाई हात लावू देत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, सध्या एडिसन

उत्तर: काका, सूनबाईंचं निम्मं ऐका. तिकडचा ड्रायर 240 व्होल्टवर चालतो, 30 अँपिअरचा ब्रेकर असतो, तेव्हा मागचं पॅनल उघडायचं तर प्लग काढून आणि ब्रेकर पाडूनच, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण निम्मं काम पॅनल न उघडताच होतं आणि ते तुम्ही खुशाल करा.

तापतोय पण वाळवत नाही, इथेच सगळं आलं. हीटर तेवढीच उष्णता देतोय पण ती घेऊन बाहेर जाणारी हवाच कमी पडतेय, त्यामुळे आतलं तापमान चढतं, ओल आतच फिरत राहते आणि साधारण 90 अंश सेल्सिअसच्या आसपास फ्यूज बिचारा आपलं काम करून जातो. तो एकदा उडाला की परत जुळत नाही, नवाच घालावा लागतो. हवा कुठे अडली ते न बघता नुसता फ्यूज बदलला म्हणजे तोही उडणारच.

लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी रोज साफ करतो असं सगळेच म्हणतात. ती नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक, जाळीवरच साठून राहिलं तर ड्रायर शीट्सचा (कपडे मऊ राहावेत म्हणून आत टाकतात त्या कागदांचा) न दिसणारा चिकट थर बसलाय, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासून काढा. मग मशीन चालू असताना घराबाहेर जाऊन डक्टच्या (हवा बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी हात धरा. झडप पूर्ण उघडून हवा जोरात यायला हवी. नुसती फुंकर येत असेल तर मशीन पुढे ओढून मागचा पाइप काढा आणि तसंच थोडा वेळ चालवून बघा (फक्त इलेक्ट्रिक असेल तरच हं, गॅसचा ड्रायर असा अजिबात चालवू नका, जळलेला वायू घरात येतो). पाइप काढल्यावर ताप उतरला तर मशीन ठणठणीत आहे, दोष डक्टचा. मशीन भिंतीला ढकलताना पाइप चेपतो, आत ओल्या लिंटचा गठ्ठा बसतो, बाहेरच्या तोंडात पक्षी घरटं करतात, आणि कुणीतरी हौसेने तिथे बारीक जाळी लावलेली असली की तीच तुंबते. पांढरा प्लॅस्टिकचा किंवा फॉइलचा घडीचा पाइप असेल तर काढून टाका, 4 इंची गुळगुळीत धातूचा बसवा. लांबीची मर्यादा तिकडच्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे साधारण 35 फूट, आणि 90 अंशांच्या प्रत्येक वळणाला त्यातले 5 फूट वजा धरायचे.

हा नुसता फ्यूजच्या खर्चाचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या 2008 ते 2010 च्या आकड्यांत घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला 2,900 च्या घरात आहेत आणि त्यात सगळ्यात मोठं कारण, 34 टक्के, साफसफाई न करणं.

पाइप काढूनही हवा मरतुकडीच आली तर ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या भागाचा) प्लॅस्टिकचा पंखा बघायचा. त्याचं मधलं भोक झिजलं की मोटर फिरते आणि पंखा नुसता घसरतो. हवा जोरात आहे आणि तरी चटके बसतात, मग थर्मोस्टॅटवर (ठरावीक तापमानाला हीटर बंद करणाऱ्या स्विचवर) संशय. इथे तुमचा मीटर फसवेल, कारण गार असताना चांगला थर्मोस्टॅटही जुळलेलाच दाखवतो आणि चिकटून बसलेलाही तसाच. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला थर्मामीटर बाहेर पडणाऱ्या हवेत धरा, हाय हीटवर साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत चढून उतरायला लागायला पाहिजे, परत चढेल, परत उतरेल. नुसता चढतच राहिला तर थर्मोस्टॅट बदला.

आणि एक चाचणी आजच करा. ड्रायर बिनाहीटच्या सेटिंगवर चालवा. तरीही गरम हवा आली तर तिथेच थांबून ब्रेकर पाडा. हीटरची कॉइल लोंबून पत्र्याला टेकलेली असते, मग थर्मोस्टॅटने एक वायर तोडली तरी दुसऱ्या वायरचे 120 व्होल्ट पत्र्यातून वाट काढतात आणि अर्धी कॉइल तापतच राहते. काही वेळा बटण बंद असतानाही. इथे मीटर कामाला येईल: हीटरच्या वायरी सोडवा, दोन टोकांमध्ये साधारण 10 ओहम मिळायला हवेत आणि कुठल्याही टोकाकडून पत्र्याकडे काहीच नाही. काही मिळालं तर हीटर बदला.

फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा जोडणारे महाभाग तिकडेही आहेत म्हणे. ते मात्र करू नका. आणि डक्ट साफ होईपर्यंत मुलाला नवीन घेऊ देऊ नका, नाहीतर नवा ड्रायरही त्याच तुंबलेल्या पाइपला जोडला जाईल.

प्रश्न: पावसाळ्यात कपडे वाळेनात म्हणून ड्रायर घेतला, पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. मागचा पाइप बसवायला जागाच नाही. मधेच तापून बंद पडतो, प्लगही गरम होतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत हे. पाइप नसेल तर गरम दमट हवा पॅसेजमध्येच कोंडते आणि मशीन तीच परत ओढून घेतं. भिंतीपासून पुढे घ्या, खिडकीपर्यंत पाइप नेता आला तर उत्तम, नाहीतर निदान दार-खिडकी सताड उघडी ठेवा आणि कपडे वॉशिंग मशीनमध्ये जास्तीत जास्त स्पिनवर पिळूनच टाका. प्लगचं मात्र लगेच बघा. 2 किलोवॅटचा हीटर 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर खेचतो, त्याला 16 अँपिअरचा सॉकेट थेट भिंतीतलाच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. सॉकेट 16 चाच असून गरम होत असेल तर आतल्या पट्ट्या सैल झाल्यात. पिन काळी पडली असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलून घ्या, नुसता एक बदलून भागत नाही, आणि तोवर ड्रायर लावू नका.

प्रश्न: दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे तेलकट टॉवेल धुऊन ड्रायरमध्ये टाकले तर चालतं का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर: नको. एका धुण्यात तेल पूर्ण जात नाही, आणि तेल मुरलेलं सुती कापड गरम गरम ढीग करून ठेवलं की आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतं, मशीन बंद झाल्यावरसुद्धा. जवस, करडई यांच्या तेलाचा धोका जास्त, पण तिळाचंही निर्धास्त समजू नका. गरम पाण्यात जास्त साबण घालून दोनदा धुवा आणि टबावरच्या दांडीवर वाळत टाका. बाकीच्या कपड्यांनाही शेवटचा गार हवेचा टप्पा पूर्ण होऊ द्या, घाईत मधेच बंद करून गरम गठ्ठा बास्केटमध्ये कोंबू नका.